पुढच्या दारांतले दोन स्पीकर

गाणे ऐकण्याच्या बाबतीत मी स्वतःस मोठा जाणकार समजत आलो. त्याला कारण घरातलेच आहे. आजोबा बडोदे संस्थानच्या महसूल खात्यात कारकून म्हणून पादऱ्यास आले आणि येथलेच होऊन गेले. मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात जी गायनशाळा काढली, तीत आमची आत्या काही वर्षे शिकली. वडिलांनी तरुणपणी उस्ताद फैयाज खाँसाहेबांचे गाणे समोर बसून ऐकले होते. खाँसाहेब १९५० साली बडोद्यासच पैगंबरवासी झाले. त्यानंतर सात वर्षांनी माझा जन्म झाला, तेव्हा माझ्या वाट्याला त्यांच्या ध्वनिमुद्रिकाच आल्या. तरीही घरी पाहुणे आले की, "आमच्या घराचा कान तयार आहे", हे वाक्य मी वडिलांच्या इतक्याच सहजपणे उच्चारीत असे. त्या कानाची परीक्षा एका मोटारीत व्हावयाची होती.

निवृत्त झाल्यावर चिरंजीवांच्या आग्रहाने एक लहानशी गाडी घेतली. पादऱ्याहून बडोदे अवघे पंधरा-सोळा किलोमीटर. परंतु समियाला आणि अटलादऱ्याकडची वाहनांची गर्दी लक्षात घेता जाण्यायेण्यात दोन-तीन राग सहज ऐकून व्हावेत. आम्हा उभयतांस तेवढाच निवांत वेळ. मात्र गाडीतले गाणे मला पहिल्या दिवसापासून आवडले नाही. आवाज पायांपाशी घुमे, आणि शब्द कळतच नसत. भावगीत लावले तर चाल ऐकू येई, पण कवी काय म्हणतो त्याचा पत्ता नसे. "स्पीकर अगदीच सामान्य आहेत," असा निकाल मी देऊन टाकला. तो सर्वस्वी खोटा नव्हता. मूळ स्पीकर म्हणजे दाराच्या तळाशी एकेक कागदी पडदा, आणि तार स्वरांसाठी वेगळी सोय काहीच नाही.

चिरंजीव टोरांटोस असतात. त्यांनी फोनवर सल्ला दिला, "बाबा, मागच्यांच्या नादाला लागू नका. पैसे खर्चायचे ते पुढच्या दोन स्पीकरांवर खर्चा." हे मला तत्काळ पटले. मैफलीत गवई आपल्यासमोर बसतो, पाठीशी बसत नाही. मागच्या फळीवर मोठाले स्पीकर ठोकून ढोल वाजविण्याची जी हौस आपल्याकडे आहे, ती वरातीस शोभते.

मग मी अभ्यासास लागलो. पुढचे स्पीकर दोन जातींचे मिळतात. एकात सगळे एकत्र, म्हणजे मोठ्या पडद्याच्या मध्यभागीच लहानसा ट्विटर बसविलेला. यास कोॲक्सिअल म्हणतात. बसविण्यास सोपा आणि स्वस्त. दुसऱ्या जातीत मोठा स्पीकर दारात खाली आणि ट्विटर वर, आरशाच्या आतल्या बाजूच्या तिकोन्यात. त्या दोहोंमध्ये क्रॉसओव्हर नावाची डबी असते. साधारण तीन हजार आवर्तनांच्या खालचे स्वर ती मोठ्याकडे पाठविते आणि वरचे लहानाकडे. हा कंपोनंट संच. ट्विटर डोळ्यांच्या पातळीजवळ आल्याने गाणारा पायांतून उठून समोरच्या काचेपाशी येऊन बसतो. मला तर हाच संच हवा होता.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांस मात्र भुलू नये. गाडीच्या टेपवर ५० वॅट छापलेले असले तरी सलगपणे तो एकेका स्पीकरास पंधरा-अठरा वॅटच देऊ शकतो. तेव्हा तीनशे वॅटचा स्पीकर घेऊन उपयोग नाही. पाहावयाची ती त्याची संवेदनशीलता, म्हणजे थोड्या शक्तीत तो किती मोठा बोलतो ते. तीन डेसिबलचा फरक असला तर तेवढ्याच आवाजास निम्मी शक्ती पुरते. शिवाय स्पीकरची खोली आधी मोजावी. आमच्या एका शेजाऱ्याने जाड चुंबकाचे स्पीकर हौसेने बसविले, आणि पहिल्याच टोलनाक्यावर काच खाली करताना ती मध्येच चुंबकावर अडकली.

बडोद्यातल्या एका दुकानात फळीवर ओळीने संच मांडलेले होते. मी एकामागून एक ऐकले आणि सर्वांत 'स्वच्छ' वाटला तो निवडला. सौ. शेजारी उभी होती. तो संच वाजू लागताच तिने डाव्या कानावर पदर धरला आणि म्हणाली, "अहो, हा फार टोचतो." मी दुकानदाराकडे पाहून हसलो. त्या हसण्याचा अर्थ, बायकांस यातले काय कळते, असा होता; आज तो लिहून टाकणे बरे.

बसविण्याचे काम एका पोरसवदा कारागिराने केले, आणि ते पाहण्यासारखे होते. त्याने दाराचे पॅड उतरविले, आतला प्लॅस्टिकचा पडदा न फाडता सोडविला. पावसाचे पाणी काचेवरून दारात उतरते आणि तळाच्या भोकांतून निघून जाते. तो पडदा नसेल तर ते गाडीत येते. मग त्याने पत्र्यावर डांबरासारखी चिकट, वरून चांदीसारखी दिसणारी जाड पट्टी रूळ फिरवून बसविली आणि पत्र्यातली मोठी भोके बुजविली. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, दरवाजो ज बॉक्स छे." खरेच आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागून ओढतो. ती मागची हवा भोकांतून पुढे आली तर दोन्ही एकमेकींस मारतात आणि मंद्र स्वर नाहीसा होतो. महागडे स्पीकर पोकळ, खडखडणाऱ्या दारात बसविणे म्हणजे फुटक्या भोपळ्यावर तंबोऱ्याच्या तारा ताणण्यासारखे आहे. स्पीकरखाली त्याने लाकडाच्या भुशाचे नव्हे, प्लॅस्टिकचे कडे घातले, कारण पहिले दोन पावसाळ्यांत फुगते. मूळ तारा न कापता जोडणी केली. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लावून दोन्ही पडदे बाहेरच उसळतात ना, हे पाहून घेतले. एक बाहेर आणि एक आत गेला, तर जोडणी उलटी झाली असे समजावे.

एवढे सर्व झाल्यावर मी चालकाच्या आसनावर बसलो, सौ. डावीकडे. गाणे सुरू झाले. मी हात वर केला. "डावा ट्विटर बंद आहे."

मुलगा वाकून ऐकू लागला. "चाले छे, काका."

"नाही चालत."

"अहो, वाजतोय की," सौ. म्हणाली, "माझ्या कानाशीच तर आहे."

मी जाणकार. मी त्यास डावा ट्विटर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावावयास सांगितले. त्याने निमूटपणे लावला. डावा पुन्हा बंदच. मग क्रॉसओव्हर सदोष असणार, असे मी म्हणालो. मुलाने दोन्ही मोठ्या स्पीकरांच्या तारा सोडविल्या. आता गाडीत केवळ दोन ट्विटर वाजत होते. सौ.ने कपाळाला आठ्या घालून कानांवर हात नेले. बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानेही वळून पाहिले. मला उजवीकडून लांबवर कोणी कागद चुरगाळावा तसे काही ऐकू आले. डावीकडून तेवढेही नाही.

त्या मुलाचा शहाणपणा असा की तो हसला नाही. त्याने तारा पुन्हा जोडल्या, फडक्याने हात पुसले आणि हळूच म्हणाला, "काका, एक वार कान बतावी आवो."

कानाच्या तपासणीचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर दोन रेषा आहेत. हजार आवर्तनांपर्यंत त्या शहाण्यासारख्या वरून चालतात, आणि तेथून पुढे ४००० पाशी विहिरीत पडावे तशा कोसळतात; उजवी ५५ डेसिबलपर्यंत, डावी ६५ पर्यंत. तपासणाऱ्या बाईंनी विचारले, "कारखान्यात होता का?" होतो. एकतीस वर्षे, त्यांतली बरीचशी कॉम्प्रेसरच्या खोलीशेजारी. गोंगाटाने गेलेला कान पुष्कळदा नेमक्या याच ठिकाणी खचतो आणि तो परत येत नाही. आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही मर्यादा कारखान्यांच्या नियमांत असते हे मला ठाऊक होते. त्या खोलीपाशी दोन हात अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागे, हेही ठाऊक होते. कानांवर घालावयाची टोपणे मिळत. बहुतेकांप्रमाणे मीही ती साहेब येईपर्यंत गळ्यात अडकवून ठेवीत असे. तेव्हा दोष कोणाचा हा प्रश्न मी फारसा उगाळीत नाही.

मग इतकी वर्षे कळले कसे नाही? याचे उत्तर मला पुढे माझ्याच आवडीत सापडले. मी ऐकत होतो ते बहुतेक जुन्या ७८ फेऱ्यांच्या मुद्रिकांवरचे गाणे. त्या काळच्या मुद्रणात पाच-सहा हजारांच्या वरचे फारसे काही उमटतच नसे. खाँसाहेबांचा तो रुंद, खर्जातला आवाज माझ्या उरलेल्या कानात नीट मावत होता. जे मुळात नव्हतेच, ते हरवल्याचे कळणार कसे?

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तीच मला घरी येईपर्यंत पुरली. स्वर सारे खालच्या आवर्तनांत असतात. आ, ई, ऊ हे मला चांगले ऐकू येणार. परंतु स, श, त, थ, फ यांची ओळख वरच्या आवर्तनांत असते. म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. "घरचे पुटपुटतात असे वाटते का?" त्यांनी विचारले. सौ. माझ्याकडे न पाहता भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे पाहू लागली. गेली सहा-सात वर्षे मी तिला दिवसातून दोनदा तरी, "पुटपुटू नकोस, नीट बोल," असे म्हणत आलो होतो.

आणि एक सकाळ त्याहून वाईट होती. तिचे थोरले बंधू इंदूरहून मुंबईस जाणार होते. बडोद्यास त्यांची गाडी काही मिनिटे थांबणार होती. सौ. आदल्या दिवसापासून दांडिया बाजारात बहिणीकडे होती. रात्री तिने तारेच्या फोनवर मला सांगितले, अमुक वाजता मला घ्यायला या, आपण स्टेशनवर जाऊ. मी पादऱ्याहून निघून बरोबर आठ वाजता दारात उभा राहिलो. ती सातची वाट पाहून रिक्षाने गेली होती आणि रिकाम्या फलाटावरून परत आली होती. "तू आठ म्हणालीस," हे मी तेव्हा म्हणालो, आणि पुढेही कधी विषय निघाला की म्हणत राहिलो. बंधू त्याच वर्षी दिवाळीनंतर गेले. भेट झाली नाही ती नाहीच.

सात आणि आठ. स आणि त काढून टाका, ठ काढून टाका, काय उरते? शिवाय तसल्या फोनवर ३४०० आवर्तनांच्या वरचे काही पोहोचतच नाही. त्या रात्री माझ्या कानाशी फक्त एक 'आ' आला होता; पुढचे अक्षर मी माझे घातले.

श्रवणयंत्रे घेतली. कानामागे बसणारी, दोन्ही बाजूंची. पहिले आठ दिवस नळाचे पाणी, वर्तमानपत्राची घडी आणि स्वतःच्या चपला यांनीच जीव नकोसा केला. गाण्यास ती फारशी मानवत नाहीत, हेही सांगून ठेवतो. बोलणे उचलण्यासाठी त्यांची घडण असते, तंबोरा तीत पत्र्याचा होतो. बाईंनी गाण्यापुरती वेगळी जुळणी करून दिली आहे. तिने बरे आहे, पूर्वीसारखे नाही.

मग मी पुन्हा त्या दुकानात गेलो. क्रॉसओव्हरच्या डबीत ट्विटरचा जोर तीन डेसिबलने उतरविण्याची एक खुंटी असते. मुलाने विचारले, "काका, केटलुं राखूं?" मी सौ.ला डावीकडच्या आसनावर बसविले आणि ती सांगेल तसे ठेव म्हणालो. तिने एकदा ऐकले, खुंटी खाली करविली, पुन्हा ऐकले. "आता बाई समोर बसून गातेय," ती म्हणाली. मलाही बाई समोरच दिसली. थोडी धुक्यात, पण समोर.

परतताना अटलादरा मागे पडल्यावर मी टेप बंद केला आणि म्हणालो, "त्या दिवशी तू सातच म्हणाली होतीस."

ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग हळू आवाजात, माझ्याकडे न वळता म्हणाली, "समियाला आलं. सावकाश घ्या."

मी गाडी सावकाश घेतली.