तिला कुणी विचारलं?

शेगाव, गुरुवार रात्र.

दर्शनबारीत शेजारी उभी असलेली बाई सांगत होती. नवरा अकोल्यात व्हेंटिलेटरवर. मुलगा म्हणतो चालू ठेवा, दीर म्हणतो घरी न्या. “मले कोनी इचारलंच नाही.”

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग आठवल्या, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या. 1973 पासून 2015 मध्ये त्या जाईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मरण येऊ द्यावं ही लेखिका पिंकी विराणींची याचिका फेटाळली आणि त्यांना जगू द्या म्हणणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा शब्द मानला. मला ते पटतं. रोज कूस बदलून देणाऱ्यांचं ऐकायलाच हवं.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या नियमांनुसार उपचार थांबवायला दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते, मत शक्यतो 48 तासांत. पण मंडळात सगळे डॉक्टरच. घरच्यांना एकत्र बसवून “त्यांना स्वतःला काय हवं असतं?” असं शांतपणे विचारणारी नैतिक सल्ला समिती मोठ्या शहरांतही मोजक्याच रुग्णालयांत. आपल्याकडे तो भार रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरवर पडतो. समोर रडणारे नातेवाईक, मागे वाढतं बिल, आणि त्याच्याशी बोलायला कुणी वरिष्ठ नाही. जिल्हा रुग्णालयात एक समाजसेवक, एक परिचारिका, एक अनुभवी डॉक्टर एवढे बसले तरी सुरुवात होईल.