पाठीवरचा नंबर

मागच्या जानेवारीत मी घरी खोटं बोललो. चौसष्टाव्या वर्षी, आणि तेही सायकलीसाठी. आता सगळ्यांना कळलंच आहे, तर एकदा नीट सांगून टाकतो.

आम्ही मूळचे लष्करातले, जनकगंजचे. दर्पण कॉलनीत घर बांधून सत्तावीस वर्षं झाली, तरी आमची ही अजून "बाड्यावर जाऊन येते" म्हणते तेव्हा सूर माहेरी निघाल्याचाच असतो. वडील बिर्लानगरला जे. सी. मिलमध्ये होते. घरात एकच काळी सायकल. पुढे दांड्यावर मी, मागे कॅरियरवर डबा किंवा धाकटी बहीण. तेव्हा ग्वाल्हेरात सायकल म्हणजे वाहन, तिची शर्यत असते हे कुणाला ठाऊक? मला ते पुण्याच्या मामामुळे कळलं. एकदा त्याने मुंबई-पुणे शर्यत बघायला खंडाळ्याला नेलं. बोरघाट चढून येणारी ती मुलं, तोंडं वेडीवाकडी, पाय मात्र घड्याळासारखे. घाट सगळ्यांच्या आधी चढतो तो 'घाटाचा राजा', मामा म्हणाला. घरी परतल्यावर मी वडिलांची सायकल घेऊन किल्ल्याच्या उरवाई गेटचा चढ गाठला. अर्ध्यात उतरलो. उरलेला चढ सायकलच मला ओढत होती म्हणा ना.

मग नोकरी, संसार, स्कूटर. मधली चाळीस वर्षं सोडून देतो.

तीन वर्षांपूर्वी एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, "साइकिल चलाइए, ज़रूर चलाइए. पर नाड़ी एक सौ तीस के ऊपर नहीं." 220 मधून वय वजा करायचं ते गणित मला माहीत होतं, माझे येतात 156. ते मी ऐकवलं. ते हसले. म्हणाले, तुम्ही जी गोळी घेता ती नाडी मुळातच दाबून ठेवते, तुम्हाला हे गणित लागू नाही. मुलाने गिअरची सायकल आणि मनगटावर बांधायचं घड्याळ पाठवलं. रेसकोर्स रोडवर सकाळी चालवणाऱ्यांची एक टोळी भेटली. फेरी संपली की बेडई-जलेबी, हे घरी सांगायचं नाही हा टोळीचा पहिला नियम. (खोट्याची सुरुवात तिथलीच.)

त्यांच्याकडूनच कळलं की भिंड रोडवर शर्यत आहे, पन्नाशीच्या पुढच्यांचा वेगळा गट, तीस किलोमीटर. हिला विचारण्याआधी जमीन तयार करावी म्हणून मी जेवताना फ्रान्सच्या रॉबेर मार्शांची गोष्ट काढली. या गृहस्थांनी 2012 मध्ये, शंभराव्या वर्षी, तासाभरात 24.250 किलोमीटर सायकल चालवली. दोन वर्षांनी, 102 व्या वर्षी, 26.927. म्हणजे वय वाढलं आणि वेगही वाढला! 2017 मध्ये 105 वर्षांचे असताना पुन्हा 22.547.

हिने पोळी वाढत विचारलं, "त्यांना स्टेंट होता का?"

विषय संपला. रविवारी पहाटे "जरा फिरून येतो" म्हणून निघालो.

गोला का मंदिरपाशी धुकं इतकं की पुढच्याची पाठ दिसेना. आयोजकांनी सुटण्याची वेळ अर्धा तास पुढे ढकलली. आमच्या गटात सतराजण, एक तर सत्तरीचे. नंबर पाठीवर लावायचा, पिना आपापल्या आणायच्या. मी हिच्या शिवणाच्या डब्यातून चार घेतल्या होत्या.

महाराजपुऱ्यापर्यंत मी पुढच्या आठांत होतो. ज्यांनी कधी घोळक्यात चालवली नाही त्यांना सांगतो, पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं की वारा तो खातो आणि आपण फुकट ओढले जातो. तीस-बत्तीसचा वेग, आणि पायांना काही जाणवत नाही. हृदयाला जाणवतं. घड्याळात बघितलं तर 138. म्हटलं, दोन मिनिटं. मग बघायचंच टाळलं. मालनपूरच्या अलीकडे वळायचं होतं, त्याच्या आधी नजर गेली, तर 146.

दुखत काही नव्हतं. तेच वाईट. दुखलं असतं तर सोपं गेलं असतं. मी पाय मारायचे थांबवले. पुढचं चाक हातभर लांब गेलं, मग सायकलभर, आणि मग धुक्यात ते सातही जण नाहीसे झाले. इतका राग आला होता, कुणावर ते कळेना.

परतताना वारा तोंडावर. मागून ते सत्तरीचे गृहस्थ आले, माजी सैनिक, मुरारचे. म्हणाले, "बारी-बारी से खींचते हैं." एक मिनिट ते पुढे, एक मिनिट मी. ते एक मिनिट मोजायचे, मी बहुधा पाऊणच. नाडी 125 वर आली. मी अकरावा आलो. ते दहावे, शेवटच्या शंभर मीटरला मला टाकून गेले आणि वर हात हलवला!

घरी आलो. दार हिनेच उघडलं. "उशीर झाला?" "धुकं होतं." मी सायकल भिंतीला लावायला वळलो, आणि पाठीवर 214 तसाच होता. मला कसा दिसणार?

ही काही बोलली नाही. जवळ आली, एकेक पिन काढली. तीनच निघाल्या. "माझ्या डब्यातल्या," म्हणाली. मग, "किती गेली होती?" मी खरं सांगितलं. ती गप्प. मला वाटलं आता आकड्यावरून बोलेल. पण तिने विचारलं, "फॉर्मवर काही झालं तर कुणाला कळवायचं लिहिलं होतं?"

मी माझाच मोबाईल नंबर दिला होता. काही झालं असतं तर फोन माझ्याच खिशात वाजला असता.

त्या दिवशी जेवणं झाली, पण बोलणं नाही. मंगळवारी मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा "तुझे बाबा अकरावे आले" हे तिनेच सांगितलं, आवाज मात्र कोरडा.

या वर्षीचा फॉर्म आलाय. मी सगळा भरला, तो एक रकाना सोडून, आणि टेबलावर साखरेच्या डब्याखाली ठेवला. आज पाचवा दिवस. ती रोज डबा उचलते, चहात साखर घालते, आणि डबा पुन्हा त्याच कागदावर ठेवते.