ताडीच्या वासाचा चारा

आमच्या तलासरी तालुक्यात कोणी चारा पेरतो म्हटलं की लोक हसतात. पाऊस सरला की इथले माळ कमरेएवढ्या गवताने भरतात, मग वेगळा चारा कशाला? मीही हसलो असतो. पण बारा शेळ्या बांधल्या आणि पहिल्याच आषाढात कळलं, की इथे शेळी उपाशी राहते ती भर पावसात. चार थेंब पडले की ती गोठ्याकडे धावते. बाहेर सगळं हिरवंगार, आणि आत बारा तोंडं ओरडत उभी. ओलं गवत कापून घातलं तर पोट बिघडतं. भाताचा पेंढा ती हुंगून सोडते.

मेंढ्या घ्याव्यात, असंही मनात होतं. घाटावरच्या एका ओळखीच्या धनगराने ते काढून टाकलं. म्हणाला, "दादा, तुमच्या चिखलात मेंढीचे खूर सडतील. शेळ्याच ठेवा. पण ज्वारी पेरा आणि मुरवा." ज्वारी! आमच्या घरात भात, नागली आणि वरई. ज्वारीचं ताट मी एसटीच्या खिडकीतूनच पाहिलेलं.

डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारून आलो आणि राहुरी विद्यापीठाच्या 'फुले अमृता' वाणाचं ४ किलो बी मिळवलं, दहा गुंठ्यांपुरतं. पावसाळ्यात आमच्या खाचरात पाणी साचतं, त्यात ज्वारी तग धरत नाही. म्हणून फेब्रुवारीत, भात निघालेल्या खाचरात, विहिरीच्या पाण्यावर पेरली. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी बजावली होती: पोंग्यातली कोवळी ज्वारी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, तिच्यात विष असतं. कापणीनंतर फुटणारे धुमारेही तसेच. त्यामुळे दोन महिने शेळ्यांपेक्षा कुंपणावरच माझी नजर जास्त.

एप्रिलच्या शेवटी कणसांत दाणे चिकावर आले तेव्हा कापणी केली. एक दिवस सुकू दिली, मग भाड्याच्या कडबाकुट्टीवर बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. कुट्टी मुठीत आवळून बघायची. पाणी ठिबकलं तर फार ओली. मूठ उघडताच विस्कटली तर फार सुकी. गोळा हळूहळू सुटला की बरोबर. मग पिशव्यांत थरावर थर, प्रत्येक थरावर पोरांनी नाचायचं. पोरांना ती जत्राच वाटली. हवा राहिली की मुरत नाही, सडतं. सगळी विद्या एवढ्याच वाक्यात आहे.

मी एका पिशवीत ती विसरलो. घुशीने तळाशी भोक पाडलं होतं, ते पाहिलंच नाही. जूनमध्ये उघडली तर आत पांढरी बुरशी. शेजारी म्हणाला, वरचं काढून बाकीचं घाल. पण सडक्या मुरघासातून मेंढ्या-शेळ्यांना मेंदूचा आजार होतो, जनावर एकाच बाजूला गोल गोल फिरत मरतं, हे ऐकून होतो. चार-पाचशे किलो चारा उकिरड्यावर ओतला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसरी पिशवी भीतभीतच सोडली. पिवळसर हिरवा रंग, आंबटगोड वास. आई पडवीतून ओरडली, "गोठ्यात ताडी कोणी आणली रं?" शेळ्यांनी पहिल्या दिवशी नाकं मुरडली, तिसऱ्या दिवशी दावी ताणू लागल्या. शेळीमागे रोज दोन किलो, म्हणजे बारांना चोवीस. तीन टन माल उरला होता. हिशेब केला, दसऱ्यापर्यंत पुरत होता.

माझा आजा सावकारांच्या माळावर गवत कापायचा. गठ्ठे बांधून ते मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी जायचं. १९४५ साली इथल्या वारल्यांनी ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मागितले आणि विळे खाली ठेवले. तळवाड्याला गोळ्याही झेलल्या. आमच्या मुलखाने एवढं गवत कापलं, पण बांधलं ते दुसऱ्यांच्या दावणीसाठी. आपल्या गोठ्यासाठी चारा साठवायची सवय घरात नव्हतीच. मला ती ज्वारीकडून शिकावी लागली.

यंदा पंधरा गुंठे पेरणार आहे. पिशव्या आल्या आहेत. घुशीसाठी मांजरही.