एकाच पातेल्यातील तीन चवी : कोल्हापूरचे घरगुती जेवण आणि ज्येष्ठांचे ताट

कोल्हापूरला येणारा प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेतो, संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाने फेरी मारतो आणि मिसळीच्या लालभडक कटाने डोळ्यांत पाणी आणून आपल्या गावी परततो. मग या नगरीविषयी त्याच्या मनात एकच खूणगाठ पक्की बसते : इथले अन्न म्हणजे जाळ. साठी-सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, असे त्याला वाटते. खानावळीच्या पाटीवरून शहर ओळखले की असेच होते. कोल्हापूर ओळखायचे असेल तर मंडईत आणि त्यानंतर घराच्या स्वयंपाकघरात डोकवावे लागते.

सकाळी कपिलतीर्थ मंडईत जावे. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या शेतकरी स्त्रिया पोत्यावर माळवे मांडून बसलेल्या असतात. माळवे म्हणजे भाजीपाला. हा शब्द इथे अजून रोजच्या वापरात आहे. मेथी, चाकवत, अंबाडी, पोकळा, कोवळी वांगी, दोडके, गवारी हे सारे पंचगंगा आणि तिला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या काठच्या जमिनीतून येते. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना आखली, तिचे फळ आजही या टोपल्यांतून दिसते. चाकवताची पातळ भाजी, दोडक्याची मुगाची डाळ घालून केलेली भाजी, ज्वारीची मऊ भाकरी आणि ताक हेच इथल्या बहुसंख्य घरांचे रोजचे जेवण. मटणाचा बेत बुधवारी किंवा रविवारी.

गंगावेशीत संध्याकाळी दूधकट्टा भरतो. म्हशी तिथेच बांधलेल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध दिले जाते. तालमींच्या या गावात दुधाला मान आहे. 1912 साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले, त्याच्याही आधीपासून दूध, बदाम आणि थंडाई हा पैलवानाचा खुराक मानला गेला. तरुण पैलवानाला पचले ते वृद्धाला मात्र निर्धोक असेलच असे नाही. न तापवलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि उतारवयात तो लवकर बळावतो. कट्ट्यावरची मौज डोळ्यांनी अनुभवावी. दूध घरी आणून, उकळी फुटल्यावरच प्यावे.

उन्हाळा लागला की कोल्हापूरच्या गल्ल्यांत मिरचीचा ठसका उठतो. वर्षाची ‘चटणी’ करण्याचे ते दिवस. इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची, उन्हात वाळवून तळलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, धने, जिरे, तीळ आणि गरम मसाला हे सारे भाजून डंकावर कुटून आणायचे. माझ्या आजीच्या घरी या दिवशी शेजारणी एकमेकींच्या पाटीतील मसाला चिमटीत घेऊन वास पाहत आणि ‘औंदा मिरची गोड हाय’ किंवा ‘ह्यात लसूण कमी पडला’ असा निवाडा देत. वर्षभराची चव त्या एका दुपारी ठरे.

या चटणीत एक गोष्ट लपलेली असते, ती म्हणजे मीठ. मसाला टिकावा म्हणून ते सढळ हाताने घालतात. पुढे भाजीत चटणीही पडते आणि वरून मीठही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक छोटा चमचाभर मीठही खाऊ नये; त्यात चटणी, लोणचे, पापड, फरसाण आणि भडंग या सर्वांतील मीठ धरलेले आहे. म्हणून यंदा चटणी करताना ज्येष्ठांसाठी एक लहान बरणी बिनमिठाची काढून ठेवावी आणि ती शीतकपाटात ठेवावी. कांदा, लसूण आणि तीळ यांची चव मिठावाचूनही बोलते. बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असल्यास ते घातक ठरू शकते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. घरातील वडीलधाऱ्यांना डॉक्टरांनी तिखट, मीठ आणि तेल कमी करायला सांगितले की त्यांच्यासाठी वेगळी वाटी शिजू लागते : फिकी डाळ, फिका भात. सून नोकरीवर, मुलगा कामावर, नातवंडे शाळेत. म्हणून ती वाटी आधीच वाढून झाकून ठेवली जाते. आजोबा एकटे जेवतात. वयानुसार जिभेची आणि नाकाची जाण मंदावलेली असतेच. त्यात बेचव अन्न आणि सोबतीला कोणी नाही. हळूहळू दोन घास कमी होतात, वजन उतरते, हातापायांतील बळ जाते आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही. पथ्य पाळले गेले, पण माणूस पंक्तीतून उठला.

या अडचणीवर कोल्हापूरच्या जुन्या रीतीतच उत्तर आहे. इथे मटण शिजवताना मसाला आधी पडत नाही. प्रथम निघते ते अळणी पाणी, म्हणजे मटणाचा बिनमसाल्याचा अर्क. त्याच अर्काचा एक भाग पांढऱ्या रश्शाला जातो, एक तांबड्याला, आणि एक वाटी तशीच लहान मुले, आजारी माणसे व वृद्ध यांच्यासाठी बाजूला ठेवली जाते. पातेले एक, चवी तीन. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळी पंगत नाही.

अळणी आणि पांढरा रस्सा (चार जणांसाठी)

हाडांसह अर्धा किलो मटण धुऊन त्याला दोन चमचे आले-लसणाचे वाटण लावावे. हळद घालू नये; पांढरेपणा जातो. सहा वाट्या पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवावे आणि पाणी गाळून घ्यावे. हे अळणी. वर तरंगणारी चरबी चमच्याने काढावी. रात्री शिजवून थंड केल्यास ती सकाळी थरासारखी सहज निघते आणि कामाच्या दिवशी वेळही वाचतो.

एक मोठा चमचा खसखस, तेवढेच पांढरे तीळ आणि आठ-दहा काजू अर्धा तास भिजवून गुळगुळीत वाटावे. चमचाभर तुपात दोन लवंगा, चार मिरी, दालचिनीचा तुकडा, दोन वेलदोडे आणि एक चिरलेली हिरवी मिरची परतावी. मंद आचेवर वाटण घालावे, ते तांबूस होऊ देऊ नये. तीन वाट्या अळणी घालून उकळी आणावी. शेवटी वाटीभर नारळाचे दूध घालून हलकेच गरम करावे. खळखळ उकळल्यास ते फाटते. मीठ सर्वांत शेवटी घालावे, आणि तेही ज्येष्ठांचा वाटा काढून ठेवल्यावर. त्यांच्या वाटीत लिंबाचे चार थेंब पिळले की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही. नारळ व काजूमुळे हा रस्सा स्निग्ध असतो; हृदयविकार असणाऱ्यांनी लहान वाटीवर समाधान मानावे.

उरलेल्या अळणीत भाजलेला कांदा, सुके खोबरे व तीळ यांचे वाटण आणि चटणी फोडणीला टाकून तांबडा रस्सा करावा. शाकाहारी घरांत मटणाऐवजी दुधी, फ्लॉवर आणि मटार शिजवून त्यांचे पाणी वापरावे. उकडलेल्या भाज्या व मऊ मूगडाळ बरोबर द्यावी.

चावण्याची अडचण असेल तर खिमा सोयीचा. भाकरी रश्शात कुस्करून खाणे ही तर इथली रीतच आहे. कवळी लावणाऱ्या आजोबांसारखेच कॉलेजातला नातूही कुस्करतो, त्यामुळे कोणाला संकोच वाटत नाही. तांदूळ घ्यायचा तर भौगोलिक मानांकन मिळालेला आजरा घनसाळ घ्यावा. त्याचा गुरगुट्या भात सुगंधी होतो. मात्र पातळ रस्सा घेताना वृद्धांना वारंवार ठसका लागत असेल तर तो केवळ तिखटाचा समजू नये. गिळण्याच्या क्रियेत दोष असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. ताठ बसवून, लहान घासांनी जेवू घालावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

राहिला गूळ. हिवाळ्यात करवीर, पन्हाळा, कागल या भागांत गुऱ्हाळे पेटतात, काहिलीतल्या रसाचा वास रस्त्यापर्यंत येतो. शाहूपुरीची बाजारपेठ या गुळावर वाढली आणि कोल्हापुरी गुळालाही भौगोलिक मानांकन आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण मधुमेही व्यक्तीने तो साखरेहून निराळा मानू नये; रक्तातील साखर गुळानेही वाढते. मोठ्या खड्याऐवजी जिभेवर विरघळणारा एक लहान कण, तोही डॉक्टरांशी बोलून.

कोल्हापूरला जाणाऱ्या वाचकांनी मंडई, गूळ आणि रंकाळा अवश्य पाहावा. जे जाऊ शकत नाहीत त्यांनी येत्या रविवारी ही रीत आपल्या घरी आणावी. पातेले चुलीवरून उतरल्यावर पहिली वाटी अळणीची भरावी, ती घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीसमोर ठेवावी आणि मग बाकीच्यांनी त्यांच्या शेजारी बसून आपापला रस्सा वाढून घ्यावा.