कोरड्या दिवसातला नकाशा

रसायनांच्या कारखान्यात ज्वलनशील वाफ कुठे जमू शकते, किती वेळ टिकू शकते आणि त्या जागेत कुठलं विद्युत उपकरण चालेल, हे ठरवणं माझं काम आहे. वाफ कायम असते तो झोन 0. नेहमीच्या कामात अधूनमधून येते तो झोन 1. काही बिघडलं तरच आणि थोडाच वेळ येते तो झोन 2. आयएस 5572 या भारतीय मानकात हे सगळं दिलेलं आहे. ते मला चांगलं येत होतं, तरीही माझ्या हातून एक नकाशा चुकला.

मी वाणगावचा. बोईसर एका स्टेशनाच्या अंतरावर, त्यामुळे तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यातली बरीच कामं माझ्याकडे येतात. तिथल्या एका कारखान्यात टोल्यूइनची बॅरलं रिकामी करायची शेड होती. मी गेलो तो फेब्रुवारीत. शेड तीन बाजूंनी उघडी, खाडीकडून छान वारा येत होता. वायुवीजन उत्तम, असं मी लिहिलं. बॅरलच्या तोंडाजवळ झोन 1, भोवती ठरावीक अंतरापर्यंत झोन 2 आणि त्यापलीकडे सुरक्षित क्षेत्र. शेडमधून निघून मागच्या खड्ड्यापर्यंत जाणारी पाण्याची नाली होती. ती कोरडी होती, वर लोखंडी जाळी होती. नकाशात ती मी एका रेघेने दाखवली आणि पुढे गेलो.

धोक्याच्या क्षेत्रातला जमिनीखालचा खड्डा किंवा चर झोन 1 धरायचा, हा नियम मला माहीत होता. टोल्यूइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते, ती खाली उतरते आणि तिथेच राहते. हे मी प्रशिक्षणात इतरांना सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र नालीकडे मी वाकूनही पाहिलं नाही.

जुलैत त्याच कारखान्यात दुसऱ्या कामाला गेलो, तेव्हा पाऊस कोसळत होता. पश्चिमेची बाजू ताडपत्रीने बंद केली होती, दुसऱ्या बाजूला पत्रे ठोकले होते. बॅरलं भिजू नयेत म्हणून दरवर्षी जूनच्या सुरुवातीला हे करतातच. शिफ्टवरचे एक वयस्क ऑपरेटर मला म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात एकदा आत येऊन उभे राहा. वास नाकातनं जात नाही."

मी गॅस डिटेक्टर घेऊन आत गेलो. उभ्याने धरला तर काहीच नाही. दोरीला बांधून नालीत सोडला, तर आकडा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या चाळीस टक्क्यांवर गेला. टोल्यूइनची ही मर्यादा म्हणजे हवेत साधारण एक-सव्वा टक्का वाफ, आणि ते 4 अंश सेल्सियसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागतं. आमच्या किनारपट्टीवर तेवढी थंडी कधीच पडत नाही. टोल्यूइन पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. सांडलेलं थोडंफार टोल्यूइन पावसाच्या पाण्यावर पसरून नालीतून शेडबाहेर, माझ्या नकाशातल्या वर्तुळाच्या पार पलीकडे जात होतं. नाली संपते तिथल्या खड्ड्यात पाणी उपसायचा साधा पंप चालू होता. त्याचा एक्स्टेन्शन बोर्ड काठावर विटेवर ठेवला होता.

इलेक्ट्रिशियनने बटण बंद करायला हात पुढे केला. मी ओरडून त्याला थांबवलं. बटण दाबतानाही ठिणगी पडते. सप्लाय लांबच्या पॅनल रूममधून बंद केला. नंतर तो मुलगा मला म्हणाला, "तुमच्या नकाशात ही जागा सेफ दाखवलीय, म्हणून बोर्ड इथं ठेवला." त्याचं म्हणणं खरं होतं. त्याने नकाशा वाचून, विचार करून जागा निवडली होती. त्याला मृत्यूच्या तोंडाशी माझ्या सहीने नेऊन ठेवलं होतं.

त्याच कारखान्यातली दुसरी चूकही जुलैतच कळली. फेब्रुवारीतल्या भेटीत उपकरणांचं ऑडिट करताना एका फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्सच्या कडेला सिलिकॉन भरलेलं दिसलं. पाणी जाऊ नये म्हणून मेन्टेनन्सच्या लोकांनी निगुतीने भरलं होतं. मी शेरा लिहिला, 'स्थिती चांगली'. फ्लेमप्रूफ बॉक्स हवाबंद नसतो. आत वाफ शिरू शकते, आत स्फोटही होऊ शकतो, हे धरूनच तो बनवतात. झाकण आणि बॉक्स यांच्या जुळणाऱ्या कडांमधली बारीक फट हीच त्याची सुरक्षा. जळता वायू तिथून बाहेर पडेपर्यंत थंड होतो आणि बाहेरची वाफ पेटत नाही. वाळून घट्ट झालेलं सिलिकॉन तिथे गेलं की झाकण नीट बसत नाही, फटीचं माप बिघडतं. तिथे न वाळणारं ग्रीस लावायचं असतं. मी तो बॉक्स उघडला नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक उतरवून घेतला आणि पुढच्या बॉक्सकडे गेलो. जुलैत उघडला तेव्हा खाऱ्या हवेने चार बोल्टांपैकी दोन गंजून तुटलेले होते, झाकण सिलिकॉननेच धरून ठेवलं होतं.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते हे, की दोन्ही चुका पावसाळ्यात उघड झाल्या, आणि पाऊस आमच्याकडे नवा नाही. चार महिने तो असतोच. मिरचीची रोपं कधी लावायची, चिकूची वाडी कधी साफ करायची हे वाणगावात शेतकरी पावसावरून ठरवतो. मी मात्र वर्गीकरणात पावसाळा धरलाच नव्हता.

8 मार्च 2018 च्या रात्री तारापूरमधल्या एका रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा आजूबाजूच्या गावांत भूकंप झाला असं वाटून लोक घराबाहेर धावले. त्यात तिघे गेले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीला खरंच भूकंपाचे धक्के बसू लागले. तेव्हापासून रात्री घर हादरलं की आधी कोणाला फोन करायचा हे आमच्याकडे कळत नाही. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात 5 नोव्हेंबर 1990 ला वायू गळून स्फोट झाला, त्यात तीसहून जास्त माणसं गेली. या दोन्ही स्फोटांबद्दल मी माझ्या प्रशिक्षणाच्या तासात सांगायचो. सांगत असताना माझ्या स्वतःच्या फायली मी कधी उघडून पाहिल्या नाहीत.

आता वर्गीकरणाचा एक दौरा जूननंतर करतो, ताडपत्र्या बांधून झाल्यावर. नकाशावर सही करण्याआधी ऑपरेटर आणि इलेक्ट्रिशियनसोबत शेडपासून शेवटच्या खड्ड्यापर्यंत चालत जातो. ऑडिटमध्ये काही बॉक्स सप्लाय बंद करून उघडायला लावतो, आणि ते कुठले हे आधी सांगत नाही. त्या कारखान्याची नाली आता पूर्ण लांबीभर झोन 1 आहे, पंपही त्या झोनचा आहे.

उन्हाळ्यात काढलेले माझे आणखी नकाशे इतर कारखान्यांच्या भिंतींवर आहेत. त्या सगळ्यांना मी लेखी कळवलं की माझं वर्गीकरण अपुरं आहे, पावसाळ्यात ते विनामोबदला पुन्हा करून देतो. काहींनी बोलावलं, तिथे काम झालं. बाकीच्यांचं उत्तर आलेलं नाही. त्यांच्याकडे मी आता स्वतः जातोय.