नाताळाचा हिशेब दिवाळीतच

चिकलठाणा,
27 ऑक्टोबर 2025

प्रिय रूथ,


परवा फोनवर जाता जाता तू एक पिल्लू सोडून दिलंस, “या वर्षी नाताळ गोव्याला करू या का?” ह्यांनी “बघू” म्हणून फोन ठेवला. ह्यांच्या “बघू”चा अर्थ तुला माझ्याइतकाच ठाऊक आहे, पण मुलांनी तो शब्द ऐकला आणि आमच्या सारानं लगेच मोबाइलवर समुद्रकिनाऱ्यांचे फोटो काढून आईंना दाखवले. म्हणून फोनवर नाही, सविस्तर लिहिते. माझं म्हणणं नीट वाच, भाऊजींना वाचायला दे, मग काय ते ठरव.

आपल्या घरात पैसा दिवाळीत येतो आणि सण डिसेंबरात असतो, ही आपली मूळ अडचण. एमआयडीसीत बोनस दिवाळीच्या तोंडावर वाटतात. कायद्यानं किमान 8.33 टक्के, फार तर 20. तो हातात पडतो तेव्हा सगळा जालना रोड सेलच्या पाट्यांनी भरलेला असतो. शेजारीपाजारी टीव्ही, मिक्सर, गाडी बुक करत असतात, आणि नाताळाला अजून दोन महिने आहेत या भरवशावर आपणही सैल सुटतो. डिसेंबरची वीस तारीख उजाडली की मग क्रेडिट कार्ड. आपल्या लोकांचा नाताळ महाग होतो तो केकमुळे किंवा कपड्यांमुळे नव्हे, ऐनवेळेमुळे. शेवटच्या आठवड्यात गाडीचं भाडं, तिकिटं, मटण, सगळ्यांचेच भाव चढलेले असतात, आणि तेव्हा आपण “सण रोज थोडाच येतो” म्हणत पाकीट उघडतो. म्हणून या वेळी बोनसमधले 17,000 मी दिवाळीआधीच वेगळ्या खात्यात टाकले. तुमचे 8,000 धरून 25,000. त्यावर एक रुपया नाही.

गोव्याचं आधी निकालात काढते. विमानतळ घराला लागून आहे, विमानं डोक्यावरून जातात, म्हणून काही नाताळातलं तिकीट स्वस्त होत नाही. तुम्ही ठाण्याहून, आम्ही इथून, आई 78 वर्षांच्या. खोल्यांचे दर त्या आठवड्यात वर्षातले सगळ्यात चढे. 25,000 नुसत्या जाण्या-राहण्यात संपतील, आणि 25 तारखेला सकाळी आपण अनोळखी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेलो असू. गोवा फेब्रुवारीतही तिथेच असेल.

आता इकडचं मांडते. पंचवीस तारीख या वर्षी गुरुवारी येते. म्हणजे एक रजा टाकली की गुरुवार ते रविवार चार दिवस मिळतात. तुझा धाकटा कॉन्व्हेंटमध्ये, त्याला तशीही सुट्टी आहे. थोरल्याच्या शाळेत फक्त 25 ची सुट्टी असते, त्याची बुधवारची आणि शुक्रवारची चिठ्ठी आधीच देऊन ठेव. तुम्ही बुधवारी 24 ला निघा, रविवारी रात्री परत.

पंचवीसला मात्र कुठेही जायचं नाही, हा माझा हट्ट समज. सकाळी छावणीच्या ख्राइस्ट चर्चला उपासना, मग घर. त्या दिवशी फिरायला निघणारे लोक मला कळतच नाहीत. दारात माणसं येत असतात आणि दाराला कुलूप? दिवाळीत आपल्या लेनमधून नऊ घरांची फराळाची ताटं आली. पाटील काकूंची, शेखभाईंकडची शीरखुर्म्याची वाटी तर ईदपासूनची उधारी आहे, वरच्या मजल्यावरच्या कांबळे ताई तर दर वर्षी अनारसे पाठवतात. ती ताटं नाताळाला भरून परत जातात, आणि ती नेऊन द्यायला घरात कोणीतरी असावं लागतं. करंज्या, शेव, चकल्या, रव्याचे लाडू आणि वर केकचा एक तुकडा. फराळ, केक आणि दोन वेळचं जेवण मिळून 9,000 धरलेत. मटण आता किलोला सातशे-आठशेच्या घरात गेलंय, त्यामुळे दुपारी मटण आणि रात्री अंड्याची आमटी असा माझा विचार आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

केकचं सामान मात्र यंदा थोडं हलकं झालं. 22 सप्टेंबरपासून लोणी-तूप, बदाम, खजूर यांच्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तयार केक-बिस्किटांवरचा 18 वरून 5 वर. तरी तयार केक आणायचा नाही. मनुका आणि टुटीफ्रुटी मी या शनिवारी संत्र्याच्या रसात भिजत घालून फ्रीजमध्ये ठेवते, अधूनमधून रस घालत राहायचं. मिश्रण घरी फेटायचं आणि डबे बेकरीत नेऊन भाजून आणायचे, आई नगरला करायच्या तसे. बेकरीवाला किलोमागे मजुरी घेतो. तीन किलो एकदम भाजून आणला की नऊ ताटांना आणि फेरीलाही पुरतो.

फेरीचं तुझ्या लक्षात नसेल, तुमच्याकडे सोसायटीत ती येत नाही. तरुण संघाची मुलं पेटी-ढोलकी घेऊन रात्री घरोघर गाणी म्हणत येतात. आपल्याकडे येईपर्यंत अकरा वाजतात आणि पंचवीस-तीस पोरं असतात. त्यांचा चहा, चिवडा, केक आणि दानपेटीत टाकायची रक्कम यांचे 1,500 वेगळे. या खर्चात मी कधी हात आखडत नाही. रेव्हरंड टिळकांची गाणी थंडीत, अंगणात उभं राहून, ढोलकीच्या तालावर ऐकायला मिळणं ही आपल्या मुलांना कुठल्याही गेम झोनपेक्षा मोठी करमणूक आहे, आणि ती दारात चालत येते. तुझ्या मुलांना या वेळी फेरीबरोबर पाठव. स्वेटर, कानटोपी आण; डिसेंबरात इथे पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो.

टिळकांवरून आठवलं. लक्ष्मीबाईंचं “स्मृतिचित्रे” मी पुन्हा वाचायला घेतलंय. टिळकांचा सढळ हात आणि लक्ष्मीबाईंची ओढाताण वाचताना सगळे हसतात, टिळकांवर लोभ करतात. मी घर चालवणारी बाई, मी पानोपानी लक्ष्मीबाईंच्या बाजूची. पण एक गोष्ट कबूल करावी लागते. त्या घरात पैसा टिकला नसेल, माणसाला दार मात्र कधी बंद झालं नाही. म्हणून बजेटमध्ये मी 3,000 दानाचे सगळ्यात आधी काढले, उरले तर देऊ असं नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गंगापूरच्या मामांचं सोयाबीन पाण्यात गेलं. दानातले 2,000 त्यांच्या हातात द्यायचे, “नाताळाची ओवाळणी” म्हणून, म्हणजे ते घेतील. हजार चर्चच्या पेटीत.

आता तुला हवं ते, फिरणं. त्याचे 6,000.

शुक्रवारी 26 ला दौलताबाद आणि वेरूळ. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे बाहेरून येणाऱ्यांना गेटवर पोचल्यावर कळतं. आपल्याला त्याची काळजी नाही. काळजी गर्दीची. जोडून सुट्ट्या आल्या की वेरूळला दुपारी गाडी लावायला जागा मिळत नाही. म्हणून उलटं करू: आधी तीस किलोमीटरवरचं वेरूळ, सकाळी आठच्या आत, कैलास लेणं ऊन चढायच्या आधी, परतताना देवगिरीचा किल्ला. वेरूळचं तिकीट 40 रुपये, किल्ल्याचं 25, आणि पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना माफ. आपण साराला धरून मोठी सहा माणसं. आई किल्ल्यावर चढणार नाहीत, पण तिकीट त्यांचंही काढू, चाँद मिनारापाशी त्यांना सावलीत बसायला आवडतं. सगळी तिकिटं मिळून 390 रुपये. खरा खर्च गाडीचा. आठ जणांना पुरेल अशी गाडी, दिवसाचे 3,500. ती आजच सांगून ठेवली तर. वीस डिसेंबरला विचारलं तर गाडीवाला आकडा सांगण्याआधी हसेल. जेवण घरचं, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. वाटेवर पेरू. हॉटेलात आठ माणसं बसवली की वेरूळची सगळी बचत तिथे जाते.

अजिंठ्याला या वेळी जायचं नाही. जायला शंभर किलोमीटर, फर्दापूरपासून पुढे लेण्यांपर्यंत त्यांचीच बस, मग पायऱ्या. आई आणि लहान मुलं एकाच दिवसात थकतील, आणि थकलेल्या माणसांना घेऊन पद्मपाणी बघण्यात अर्थ नाही. तो एप्रिल-मेच्या उन्हातला नाही, पुढच्या जानेवारीतला बेत.

शनिवारी 27 ला जालना. तू नाक मुरडशील, पण ऐक. आत्या आता घराबाहेर पडत नाहीत. गेले दोन नाताळ त्यांनी फोनवर केले. त्या चिकलठाण्याला येऊ शकत नाहीत तर आपण आठ जण साठ किलोमीटर जाऊ शकतो. सहल म्हणजे काहीतरी बघायला जाणं असंच कशाला? तरी बघायलाही आहे. जालन्याजवळचं बेथेल, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी सालारजंगाकडून मिळालेल्या जमिनीवर वसवलेलं ख्रिस्ती गाव. निजामाच्या मुलखात, एकोणिसाव्या शतकात, एका मराठी ब्राह्मण घरातून आलेल्या माणसानं गाव वसवलं, विहिरी खणल्या, चर्च बांधलं. आत्यांच्या आजेसासऱ्यांचं लहानपण तिथलं. त्या अजून बोलतात तोवर मुलांनी हे त्यांच्या तोंडून ऐकावं, असं मला फार वाटतं. गेल्या वर्षी सारानं शाळेच्या प्रकल्पात “आमचे पूर्वज” याखाली इंटरनेटवरून भलतंच काही उतरवलं होतं.

जालन्याला एसटीनं जायचं. सिडको बस स्टँडवरून गाड्या सारख्या असतात. जानेवारीत भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, तरी माणशी शंभराच्या आसपास बसेल. त्यात आपल्या बायकांना अर्धं तिकीट, तुझ्या दोन्ही पोरांना अर्धं, आणि आईंना पंचाहत्तरच्या पुढच्या म्हणून काहीच नाही. आधार कार्ड विसरू नको, मुलांचीही वयं कंडक्टर विचारतो. जाऊन-येऊन 900 रुपये. म्हणजे वेरूळ आणि जालना मिळून 4,790. उरलेल्या बाराशेत रिक्षा, चहा, आत्यांना फळं.

मुलांना मॉल हवाच असणार. प्रोझोन आपल्या एमआयडीसीतच आहे, 2010 पासून तिथे डिसेंबरात मोठं झाड लागतं की पोरं हातातून सुटतात. बुधवारी तुम्ही पोचलात की संध्याकाळी जाऊ, एकदाच. भेटींसाठी 3,000 ठेवलेत त्यातूनच तो खर्च. प्रत्येक पोराच्या हातात 300 रुपये रोख द्यायचे: खेळ, पॉपकॉर्न, काय हवं ते. संपले की संपले. कार्ड रिचार्ज करून दिलं की आकडा कोणालाच दिसत नाही, नोट हातातून जाताना दिसते. सिनेमा नको. शंभरावरच्या तिकिटाला अजून 18 टक्के जीएसटी आहे आणि आठ जणांचं पॉपकॉर्न म्हणजे एक किलो मटण.

हुरड्याचं तू विचारलं होतंस. मलाही तो मोह आहे. आगटीभोवती बसून गरम हुरडा, गोडीशेव, गूळ, याहून मोठी नाताळाची मेजवानी मराठवाड्यात नाही. पण यंदा पाऊस लांबला, रानं वाफशावर उशिरा आली, ज्वारीची पेरणी मागे पडली. 28 पर्यंत कणीस भरेल याची खात्री नाही. मामा म्हणाले, पंधरा डिसेंबरला सांगतो. झालाच तर रविवारी उपासनेनंतर गंगापूरला जाऊ, नाही झाला तर संक्रांतीला तुम्ही परत या. त्यासाठी आणि अचानक उपटणाऱ्या खर्चासाठी 2,500 बाजूला आहेत. उरले तर 31 च्या वॉचनाइटला आमच्या चहाला.

कपडे या हिशेबात धरलेले नाहीत, ते ज्याचे त्यानं. एवढंच सांगते की दिवाळी संपल्यावर गुलमंडीत आणि औरंगपुऱ्यात उरलेला माल निम्म्यावर येतो. चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील तर मी कालच दोन उचलून आणले. दिवाळीत तीनशेला होते, काल दीडशेला दिले. डिसेंबरात तेच “ख्रिसमस स्टार” म्हणून पुन्हा चढ्या भावानं विकायला निघतात.

आता तुझं काम. रेल्वेचं आगाऊ आरक्षण गेल्या वर्षीपासून 120 वरून साठ दिवसांवर आणलंय. म्हणजे 24 डिसेंबरचं आरक्षण परवा शनिवारीच उघडलं, आणि रविवारच्या परतीचं परवा बुधवारी सकाळी आठला उघडेल. तपोवन किंवा जनशताब्दी बघ, दिवसाच्या गाड्या आहेत, मुलं खिडकीपाशी बसतील. परतीला देवगिरी, रात्रीची. तत्काळच्या भरवशावर राहू नको, नाताळात तत्काळ म्हणजे सोडत. तिकिटं काढलीस की मला पीएनआर पाठव, म्हणजे मी गाडीवाल्याला विसार देते. आणि भाऊजींना म्हणावं 8,000 नोव्हेंबरच्या पगारातून पाठवा, डिसेंबरच्या नाही.

तुझी,
वहिनी

ता. क. आईंना गोव्याचं काही बोलू नको. त्यांनी स्विमिंग पूलबद्दल सारापाशी चौकशी सुरू केली आहे.