ध्रुवाची रेघ

रात्रीच्या आकाशातल्या ताऱ्यांच्या गोल गोल रेघांचे फोटो मी खोटे समजायचो. डोळ्याला जे दिसतच नाही ते कॅमेऱ्याने का दाखवावं? फोटो म्हणजे एक क्षण. तास-दोन तास शटर उघडं ठेवणं ही निव्वळ करामत, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. स्वतः तसा एकही फोटो न काढता.

एका अमावस्येला मित्राने हरिश्चंद्रगडावर ओढून नेलं. त्याच्याकडे जुना पेंटॅक्स के१०००. शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त मीटरला. 'बी'वर लावून केबल रिलीज अडकवली की शटर हवा तितका वेळ उघडं राहतं. डिजिटलवाले सेन्सर तापतो म्हणून बरेचदा अनेक छोटे फोटो जोडतात. इथे दोन तासांची एकच फ्रेम. उत्तरेला ध्रुव, क्षितिजापासून जेमतेम 19 अंशांवर. मी थंडीत चरफडत बसलो होतो.

निगेटिव्ह धुऊन आली, तेव्हा भिंगातून मी मुद्दाम ध्रुव शोधला. बाकीचे फिरोत, हा अढळ, ठिपकाच असणार. ठिपका नव्हता. पाव मिलिमीटरभर, किंचित वळलेली रेघ होती. कॅमेरा हलला, मी लगेच म्हणालो. पण मग कातळाची कडही पुसट झाली असती, आणि ती तर धारदार होती. "अरे, ध्रुवही फिरतो," मित्र म्हणाला. "आकाशाच्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच लांब आहे तो."

मी पुन्हा पुन्हा भिंगाला डोळा लावला. पुस्तकात वाचलं असतं तर मान डोलावून विसरलो असतो. डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणात जुनं पुसून नवं घेतो. फिल्म साठवते. म्हणजे फिरणं खरंच होतं. ते न दिसणं ही माझी मर्यादा. तिलाच मी सत्याचं माप करून बसलो होतो, आणि वर तोरा मिरवत होतो.

फिल्मही काही राजा हरिश्चंद्र नाही. मंद उजेडात ती आळसावते; इलफर्डच्या एचपी५ला मीटरने 10 सेकंद सांगितले, तर सुमारे 20 द्यावे लागतात. तिचंही सगळं मान्य करायला मी तयार नाही.

पण आता दुसराच प्रश्न छळतो. झेपावलेला खेळाडू, हवेत थिजलेला पाण्याचा थेंब, सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपलेले असले फोटो मी आयुष्यभर बिनदिक्कत खरे मानले. ते तरी कोणाच्या डोळ्याला तसे दिसले होते?